तपकिरी कुपीची साक्ष

मित्रांनो, करंगळीएवढी, तपकिरी काचेची एक कुपी म्हणजे मी. आज मी रिकामी आहे. पण १९८४ साली सातिवलीच्या एका छोट्या प्रयोगशाळेत आले, तेव्हा माझ्या पोटात मोलाचा ऐवज होता. ती होती प्रतिपिंडे. प्रतिपिंड ठरावीक प्रथिन ओळखते आणि त्यालाच जाऊन चिकटते. माझ्यातल्या प्रतिपिंडांना एक विकर, म्हणजे एन्झाइम, जोडलेले होते. प्रथिन सापडले की ते विकर रंग उमटवी. उजेड त्याला सोसत नसे, म्हणून माझी काच तपकिरी.

मला सांभाळायचे काम विनीकडे होते. आगाशीची ही मुलगी सहा महिन्यांच्या हंगामी नोकरीवर लागली होती. ती मला फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवी, बर्फाच्या खणात कधीच नाही. गोठले की विकर दुबळे होते, हे तिने पक्के ध्यानात ठेवले होते. बाहेर काढले की मी बर्फाच्या वाटीत बसायची. लागेल तेवढेच ती घेई आणि उरलेले परत माझ्यात ओतत नसे. इतके कुणी मला जपले नव्हते.

त्या वर्षी केळींवर एक रोग पसरत होता. नरहरीभाऊ नावाचे बागायतदार बारा झाडांची पाने घेऊन आले.

"बाई, या झाडांच्या बुंध्याशी मुनवे फुटलेत. ते नव्या वाडीत लावायचे आहेत, शेजारच्या जगन्नाथलाही द्यायचे कबूल केलंय. रोगट निघाले तर दोघांच्याही वाड्या जातील हो!"

प्रयोगशाळेच्या प्रमुख उर्सुला मॅडमनी पानांच्या रसात रोगाच्या विषाणूचे प्रथिन शोधायला घेतले. एकेका झाडाचा रस ताटलीच्या एकेका खळग्यात घातला, ताटली धुतली, माझे थेंब सोडले, पुन्हा धुतली आणि शेवटी विकर ज्यात रंग उमटवते ते रंगाचे द्रावण ओतले; पण एकही खळगा रंगला नाही. नरहरीभाऊंचा चेहरा खुलला.

"म्हणजे लावू ना?"

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पडताळ्यासाठी मुद्दाम एक रोगी पान घेतले होते. त्याचा खळगा रंगायलाच हवा होता, पण तोही कोराच होता.

मॅडम विनीकडे वळल्या. "ही कुपी बर्फाच्या खणात ठेवली होतीस?"

"नाही, मॅडम."

"मग यातलं विकर मेलं कसं? सात महिने वाट पाहिल्यावर मिळालीय ही कुपी!"

विनीचे डोळे भरून आले. मला वाचा असती तर मी तिच्या बाजूने बोलले असते. पण तीच हळूच म्हणाली, "मॅडम, यातला एक थेंब थेट रंगाच्या द्रावणात टाकून बघा. मेलं असेल तर मी उद्यापासून येत नाही."

मॅडमनी थेंब टाकला. क्षणात नळीतले ते द्रावण पिवळे-केशरी झाले! माझ्यातले विकर जिवंत होते. मग विनीने दुसरा थेंब आधी ताटली धुण्याच्या द्रावणात कालवला आणि मग रंगाच्या द्रावणात टाकला. या वेळी रंग आलाच नाही.

मॅडमनी त्या द्रावणाची बाटली उचलून चिठ्ठी वाचली. अक्षर त्यांचेच होते. बुरशी येऊ नये म्हणून शनिवारी त्यांनीच त्यात सोडियम अ‍ॅझाइड घातले होते. त्याने बुरशी थांबते, पण हे विकरही गप्प बसते. ते त्या विसरल्या होत्या.

"विनी, चूक माझी," त्या म्हणाल्या. "नरहरीभाऊंसमोर तुला बोलले, तेव्हा माफीही त्यांच्यासमोरच मागते."

ताज्या द्रावणाने पुन्हा तपासणी झाली. रोगी पानाचा खळगा रंगला आणि बारांपैकी तीन खळगेही केशरी झाले. नरहरीभाऊंनी ती तीन झाडे मुळासकट उपटून जाळली. नऊ झाडांचे मुनवे दोन्ही वाड्यांत लागले आणि पुढच्या वर्षी घड लोंबले. पहिली फणी त्यांनी विनीच्या हातात दिली. तोवर तिची नोकरी कायम झाली होती.

मी पुढे थेंबाथेंबाने रिकामी झाले, तरी विनीने मला टाकले नाही. त्या हातांची मी ऋणी आहे. मित्रांनो, तुमच्याकडे एखादी लहानशी वस्तू जपायला दिली, तर तिला किरकोळ समजू नका. कोण जाणे, कुणाची तरी अख्खी वाडी तिच्या भरवशावर उभी असेल.