नळीतलं मेण

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझ्यात सध्या काडतूस नाही. माझ्याजवळ येताना माणसं आपोआप एक पाऊल मागे सरकतात, म्हणून ही खात्री द्यावी लागते. मी एक जुनी रायफल आहे. वसईला केळीच्या वाडीत हिलरी सरांचं घर आहे. तिथल्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात मी उभी असते. माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. चापाखाली लोखंडाची एक कडी आहे. ती खाली ओढून पुन्हा वर घेतली की वापरलेलं काडतूस बाहेर उडतं आणि नवं आत जाऊन बसतं. त्या वेळचा माझा खटका एकदा ऐकलेला माणूस जन्मात विसरत नाही. तुम्हाला ही फुशारकी वाटेल. वाटू दे, शंभरी उलटलेल्यांना तेवढी सूट असते.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यातला. एका इंग्रज साहेबाच्या सामानातून मी मुंबईला उतरले. साहेब कायमचा मायदेशी निघाला तेव्हा फ्रेडरिकबाबांनी मला त्याच्याकडून घेतलं आणि रीतसर परवाना काढला. फ्रेडरिकबाबा म्हणजे हिलरी सरांचे वडील. वालीवच्या पुढे तुंगारेश्वरच्या डोंगराला लागून त्यांची भातशेती होती. रानडुकरं शिरली की उभ्या पिकाचा चिखल करून जात. माझा एक बार निघाला की सगळी डोंगरकूस दणाणायची. ते माझे मानाचे दिवस होते.

बाबांचा एक शिरस्ता होता. मला हातात घेतलं की ते आधी कडी उघडत, मागच्या बाजूला अंगठ्याचं नख धरत आणि पुढून नळीत डोकावत. नखावर उजेड दिसला म्हणजे नळी मोकळी आहे. त्याशिवाय त्यांनी मला कधीही खांद्याला लावलं नाही.

पुढे शिकारीचे कायदे बदलले आणि बाबाही गेले. हिलरी सर पडले शाळामास्तर, घरात झुरळ निघालं तरी त्याला दार उघडून देणारे. त्यांनी मला काचेच्या कपाटात ठेवलं. एकदा मुंबईहून हर्षवर्धन नावाचे एक जुन्या शस्त्रांचे संग्राहक आले. त्यांनी मला हातमोजे घालून हाताळलं आणि अशी मूळ अवस्थेतली रायफल आता दुर्मीळ आहे, हिच्यातून यापुढे बार काढू नका, असं बजावून गेले. झालं! सरांनी कपाटाला कुलूप लावलं. मला पुसायचं सरांनी, तेल द्यायचं सरांनी. त्यांचा मुलगा क्लेटन लहानपणी काचेला नाक लावून उभा राहायचा आणि मागून सरांचा आवाज यायचा, हात लावू नकोस. ते ऐकत ऐकतच तो मोठा झाला आणि मस्कतला नोकरीला गेला.

येणारे-जाणारे माझं तोंडभरून कौतुक करत. मी मात्र कंटाळून गेले होते. जिला बोलण्यासाठी घडवलं, तिला कायमचं गप्प बसवल्यावर कसलं कौतुक आणि कसलं काय!

आता बर्थाबाईंचं सांगते. त्या सरांच्या पत्नी. फेब्रुवारीत चर्चमध्ये मेणबत्त्यांना आशीर्वाद मिळतो. ती मेणबत्ती बाई जपून ठेवत आणि वादळ सुटलं की लावत. पावसाळ्याच्या तोंडावर तिचंच थोडं मेण वितळवून त्या माझ्या नळीच्या तोंडात ओतत. खारा वारा आत शिरून गंज चढू नये, म्हणून सरांनीही ते चालवून घेतलं होतं. बाईंचं म्हणणं वेगळं होतं. पावसाळ्यात घरातल्या सगळ्यांनी सांभाळून राहायचं, तसं हिनंही राहावं, असं त्या म्हणत. ऑक्टोबरात चर्चमध्ये नव्या भाताच्या कणसांना आशीर्वाद मिळाला की त्याच रविवारी दुपारी सर नळीत गज घालून मेण मागून बाहेर काढत आणि बाईंच्या हातावर ठेवत. बाई ते अंगणातल्या क्रुसापुढे दिव्यात वितळवून टाकत.

एकोणीसशे नव्व्याण्णव साली निवडणुका लागल्या आणि परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधली गेली आणि इतर बंदुकांबरोबर मी भिंतीला टेकून उभी राहिले. कणसांचा रविवार मी तिथेच काढला. निकाल लागल्यावर सर मला घरी घेऊन आले, वरवर पुसलं आणि कपाटात ठेवलं. तो रविवार होऊन गेला होता, म्हणजे मेण निघालेलंच असणार, असं घरात सगळ्यांनी धरून चाललं.

मेण नळीतच होतं.

त्याच आठवड्यात क्लेटन सुट्टीवर आला आणि त्याच आठवड्यात धर्मा घरी आला. सरांची शेती हा धर्मा कसत असे. पायरीवर टेकला आणि म्हणाला, "सर, डुकरांनी अर्धा भात लोळवला. मी पत्रे वाजवून वाजवून थकलो. आता हातातोंडाशी आलेला घास जाईल."

क्लेटनने कपाटाकडे बोट दाखवलं. सरांनी नकार दिला. कायद्याने मनाई आहे, परवाना तुझ्या नावावर नाही आणि ही तुझ्या आजोबांची आठवण आहे, एवढं सांगून ते उठलेच.

"आजोबांनी ती शेतासाठी घेतली होती, डॅडी. शोकेससाठी नाही," क्लेटन म्हणाला.

मित्रांनो, खरं सांगते, मी मनातून क्लेटनच्या बाजूची होते.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर आणि बाई शेजारी जपमाळेच्या प्रार्थनेला गेले. क्लेटनने किल्ली शोधली, आजोबांच्या ट्रंकेतून जुनी काडतुसं काढली, मला चादरीत गुंडाळलं आणि मित्राच्या मोटारसायकलवरून वालीव मागे टाकलं. मी हरखून गेले होते. शेतातल्या माळ्यावर त्याने माझ्यावरची चादर काढली आणि डोंगरावरचा वारा अंगावर आला. अंगावर आला, पण नळीत शिरेना.

तेव्हा मला आठवलं.

नळीचं तोंड बंद असलं की गोळीला वाट मिळत नाही. मग सगळा जोर उलटतो, नळी फुटते, आणि तीही बार काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच. आता क्लेटन कडी उघडेल, नख धरेल, डोकावेल, याची मी वाट पाहू लागले. त्याने काडतुसं भरली आणि कडी वर घेतली. नखाची गोष्ट त्याला कोणी सांगितलीच नव्हती. हात लावू नकोस, यापलीकडे कोणी काही शिकवलंच नव्हतं.

सूर्य टेकला. शेजारी बसलेल्या धर्माने क्लेटनच्या गुडघ्याला हात लावला. बांधापलीकडे भात हलत होता. काळी पाठ दिसली, मग मुसकट वर आलं. क्लेटनने गाल माझ्या दस्त्याला लावला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. उभ्या आयुष्यात मी हुकूम मोडलेला नाही आणि मोडणं माझ्या हातात नाही. मी नुसती घाबरत राहिले.

त्याने चाप ओढला. टक्.

काडतूस जुनं होतं, सर्दावलेलं. ते पेटलंच नाही. डुकराने कान टवकारले, पण ते हललं नाही.

"वाजली नाय?" धर्मा पुटपुटला. क्लेटनने दात-ओठ खाऊन कडी ओढली. फुसकं काडतूस बाहेर पडलं, दुसरं आत बसलं. हे चांगलं निघालं तर? पुन्हा गाल दस्त्याला टेकला, पुन्हा बोट चापावर आलं.

तेवढ्यात माळ्याखालून आवाज आला. हाक नव्हती ती. घरात मीठ संपलंय हे सांगावं, तितक्या सावकाश कोणीतरी बोललं.

"क्लेटन, बोट काढ. यंदा मेण माझ्या हातात नाय आलं."

बर्थाबाई अनवाणी उभ्या होत्या. जपमाळेहून आल्यावर रिकामं कपाट बघून सर संतापले होते, पण बाईंना आठवलं होतं ते क्रुसापुढचं दिव्यातलं मेण, जे या वर्षी वितळवलंच नव्हतं. सरांच्या मागे स्कूटरवर बसून त्या आल्या आणि रस्त्यावर उतरताच बांधावरून धावत सुटल्या होत्या. दचकून त्याने चाप ओढू नये म्हणून शेवटी धाप गिळून हळू बोलल्या. हे सगळं मला पुढे त्यांच्याच तोंडून कळलं.

क्लेटनला आधी काही उमजलं नाही. मग त्याचं बोट सुटलं. काडतुसावर आदळायला ताणलेला माझा घोडा त्याने अलगद खाली उतरवला. डुक्कर केव्हाच पसार झालं होतं.

मागाहून सर धापा टाकत आले. मला वाटलं, आता लेकाची खरडपट्टी निघणार. सरांनी आधी काडतुसं काढली, धर्माकडून वेळूची बारीक काठी मागितली आणि नळीत घातली. मेण मागून निघून क्लेटनच्या तळहातावर पडलं. नळीच्या आतल्या आट्यांचे पीळ त्याच्यावर स्पष्ट उमटले होते. क्लेटनने त्या पिळांवरून बोट फिरवलं.

"मी तुला हिच्यापासून लांब ठेवलं," सर म्हणाले, "हिची ओळख करून द्यायची राहिली. चूक माझी आहे."

मग उरल्यासुरल्या उजेडात त्यांनी त्याचा अंगठा धरला, नख मागे लावलं आणि त्याला पुढून डोकावायला सांगितलं. क्लेटन बराच वेळ बघत राहिला.

त्या हंगामात भात पिकेपर्यंत बाप-लेक धर्माबरोबर पत्र्याचे डबे वाजवत शेतात बसले. मी कपाटातच होते. डुकरं मेली नाहीत, भात बऱ्यापैकी हाती लागला. आता क्लेटन दर सुट्टीत येतो, कुलूप काढतो आणि नखावर उजेड आहे ना, ते बघून मगच मला तेल देतो. नळीत मेण ओतणं मात्र बंद झालं. मला माझा आवाज पुन्हा ऐकावासा वाटत नाही, असं नाही. पण त्या संध्याकाळी मी नुसतं टक् केलं, त्याहून मोलाचं माझ्या हातून काही झालेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही काहीतरी जपून ठेवलेलं असेल. एखादा कोयता असेल, नाहीतर आजोबांचं एखादं यंत्र. धाकट्यांना ‘हात लावू नकोस’ एवढंच सांगून थांबू नका. ती वस्तू काय करू शकते आणि कधी घात करते, तेही शेजारी बसून दाखवा. वस्तू काचेत राहते, ओळख मात्र माणसाकडून माणसाकडेच जाते.

त्या वर्षीचं मेण बर्थाबाईंनी वितळवलं नाही. ते माझ्या शेजारी बशीत ठेवलेलं आहे. पाहुणे मला बघायला येतात, तेव्हा बाई त्यांना आधी मेण दाखवतात.