सरांची परात

खरं बोललेलं कुणी खरं मानत नाही. लतिकाबाईंचं मानलं नाही, तर माझ्यासारख्या पोचे पडलेल्या पितळी परातीचं कोण मानणार? तरी बोलते.

सांगलीच्या तांबटानं मला ठोकून घडवलं. लग्नात लतिकाबाईंबरोबर लखनऊला आले. त्यांची शाळा चौथीपर्यंत, माझी तेवढीही नाही. नवरा दिनकरराव, बँकेत. कणीक मळताना बाईंचं तोंड चालायचं, आणि तोंड म्हणजे नुसता पट्टा!

एकदा दिनकररावांनी किडकी वांगी आणली. बाई म्हणाल्या, "अहो, त्या अळीनंसुद्धा पारखून घेतली असतील. तुम्ही तेवढंही केलं नाहीत!"

दिनकरराव हसले नाहीत. कागद घेऊन बसले. काही दिवसांनी तीच वांगी हिंदीत, रेडिओवर! लेखक कोण? दिनकरराव.

मग ते रोजचंच झालं. बाई बोलायच्या, ते उतरवून घ्यायचे. रेडिओच्या नाटकात नवऱ्याची फजिती झाली की परात आपटायची, हेही बाईंनीच सुचवलं. मला टॉवेलात गुंडाळून स्टुडिओत नेत. हे पोचे तिथले. पुढे टीव्ही आला, तिथेही मीच आपटले.

बाईंनी एकदा विचारलं, "माझं नाव एकदा तरी घ्याल का?"

"अगं, चौथी शिकलेलीचं नाव सांगितलं तर लोक मला हसतील."

"मग लिहिता कशासाठी? लोकांनी हसावं म्हणूनच ना?"

त्याचाही कार्यक्रम झाला.

परवा एका चॅनलची दीप्ती कॅमेरावाल्यांना घेऊन इंदिरा नगरच्या घरी दिनकररावांच्या मुलाखतीला आली. मला चिंचेनं घासून टेबलावर मांडलं.

"आंटी, आप भी कुछ कहिए."

बाई म्हणाल्या, "वो सब मेरा है. मैं बोलती थी, ये लिखते थे."

हशा पिकला. "अरे वाह! आंटी तो सर से भी मज़ेदार हैं!"

"हँसो मत. सच बोल रही हूँ."

आणखी हसले. बाई उठून आत गेल्या. तेव्हापासून त्या कणीक स्टीलच्या भांड्यात मळतात. तोंडातून शब्द नाही.

मी दिवाणखान्यात काचेआड, 'सरांची परात' म्हणून. मला मोडीत घाला हवं तर, पण त्या बाईचं नाव घ्या हो!

दीप्तीला मी बोल लावत नाही, पोर परकी. पण ज्याला सगळं ठाऊक होतं, ज्याच्या हातात माईक होता, ज्यानं नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं, तोच सगळ्यांच्या आधी हसला. दिनकर.