दव सुकेपर्यंत

शेताच्या बांधावर सूनबाई पुन्हा ओकत होती, आणि आक्कांचा जीव भट्टीकडे लागला होता.

"अजून दोन ओळी राहिल्यात," त्या म्हणाल्या. "बाकीच्या खुडतायत ना? तूच एक नाजूक!"

त्यांच्या थोरल्या मुलानं, म्हणजे सूनबाईच्या नवऱ्यानं, गरम हवेची भट्टी बांधली आणि तीन वर्षांत आसपासची सगळी गावं बदलली. पूर्वी तंबाखूची पानं छपरात टांगून महिनाभर वाट बघावी लागे. आता ती सहा दिवसांत पिवळीधमक वाळत. घरोघरी भट्ट्या झाल्या, तंबाखू दुप्पट झाली. पण भट्टी एका दमात भरावी लागे आणि दुपारी बाराला पेटे. म्हणून बायका उजाडताच दवानं निथळणाऱ्या पानांत शिरत. बाह्या कोपरापर्यंत ओल्या, पानांचा गठ्ठा काखेत. दर खुडणीला कुणीतरी ओके. 'पान लागलं' म्हणून बाकीच्या हसत.

"हिला जमत नसेल तर माहेरी जाऊ दे," बांधावर आलेला थोरला म्हणाला. "भट्टी थांबत नसते."

सूनबाईनं मान खाली घातली. आक्कांना ते बोलणं झोंबलं, आणि त्यांनी तडक तिला दवाखान्यात नेलं.

नर्सबाईंनी एवढंच विचारलं, "खुडणी नसते त्या दिवशी ओकते?"

आक्का आठवू लागल्या. नाही. एकदाही नाही!

"ओल्या पानातलं विष कातडीतून अंगात जातं. पानावरचं दव सुकू द्या, हातमोजे द्या. यात नाजूक कुणी नाही, आक्का. तुम्ही खुडता का?"

"मी भट्टीवर असते," आक्का पुटपुटल्या. त्यांना फार शरम वाटली.

घरी येताच त्यांनी थोरल्याला गाठलं. "भट्टी दुपारीच का पेटवायची?"

"पहिल्यांदा दुपारी पेटवली. मग तीच वेळ पडून गेली."

"संध्याकाळी पेटवली तर पान बिघडतं?"

तो डोकं खाजवत राहिला. "तसं... नाही."

"हाय रे कर्मा! तीन वर्षं बायका ओकल्या, त्या नुसत्या तुझ्या सवयीपायी? आणि मी त्यांना नाजूक म्हणत बसले!"

थोरल्याचा चेहरा उतरला. बायकोकडे वळून तो म्हणाला, "चुकलं माझं. कुठं जायचं नाही तुला."

पुढच्या खुडणीला ऊन चढेपर्यंत सगळ्याजणी बांधावर बसल्या. आक्कांनी हातमोजे वाटले आणि प्रत्येकीची माफी मागितली. सगळ्यांत वयस्कर बाई हळूच म्हणाली, "आम्हाला वाटायचं, आमचंच अंग कमजोर."

वाचकहो, नवं काही आणणाऱ्याचं कौतुक जरूर करा. पण त्यापायी कुणाचं अंग झिजतंय, हेही विचारा. निदान आजारी माणसाला नाजूक म्हणण्याआधी तरी विचारा!