ऐंशी मिनिटांनंतरचं गाणं

५२ एक्स

फिलेमोनीनं बावन्न एक्स वेगाचा सीडी रायटर निवडला, कारण त्याच्या शेजारी ठेवलेला आठ एक्सचा होता, आणि बावन्न मोठे की आठ हे कळायला शाळेत जावं लागत नाही.

आपिया शहरातल्या दुकानाच्या लाउतेईबाईंना हे पटलं नाही.

"काय बर्न करायचंय?"

"चर्चची गाणी. दहा गावांची. शहाऐंशी मिनिटं चाळीस सेकंद."

"सीडी ऐंशी मिनिटांची असते."

"नव्वदवाल्या मागवल्यात ऑकलंडहून. बारा."

"मग हा जुना आठवाला घे. नव्वदच्या सीडीत तेवढ्याच जागेत जास्त रेघा कोंबलेल्या असतात. लिहिणं आतून बाहेर जातं, शेवटचं सगळं कडेला. कडेला घाई केलीस की बोंबललं. हा जुना चार एक्सवर उतरतो. तो नवा आठच्या खाली येत नाही."

"आठ म्हणजे हळूच की, बाई."

"मर्जी तुझी. सीडी परत घेणार नाही."

जुना रायटर नासेरीनं उचलला. नासेरी म्हणजे फिलेमोनीचा चुलतभाऊ. बोटीनं सोबत आला होता, कामाशिवाय. "बायकोला लग्नाचे फोटो सीडीवर हवेत," तो म्हणाला. "तिला घाई नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली."

२४ एक्स

एकाच सीडीचा हट्ट फिलेमोनीचा नव्हता. नव्या चर्चच्या उद्घाटनाला दहा गावं गायली होती, आणि प्रत्येक गावाला त्या गाण्यांची एक सीडी द्यायची असं ठरलं होतं. दोन सीडींत सगळं आरामात बसलं असतं. फिलेमोनीनं बैठकीत तसं सुचवलंही. तेव्हा मालोताई गावच्या म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं, "दुसऱ्या सीडीवर कोणतं गाव घालणार?"

दोन सीडींचा विषय तिथेच मिटला. गाणी कापायची गोष्ट तर कोणी काढलीच नाही. कुणाचं कडवं कमी करणं म्हणजे त्या गावाला दारातून परत पाठवणं.

क्रमही ठरलेला होता. पाहुणी गावं मानाप्रमाणे आधी, यजमान सगळ्यांत शेवटी. यजमान म्हणजे फिलेमोनीचं गाव, फालेमोआ. त्यांचं गाणं सात मिनिटांचं, आणि त्याच्या शेवटी एसेटा आत्या एकटी गायची.

ही एसेटा आत्याच कुळप्रमुखाच्या रिकाम्या गादीवर कोण बसणार हे येत्या रविवारी सांगणार होती. बाकीचे चर्चा करणार, आत्या सांगणार. नावं दोन उरली होती, फिलेमोनी आणि नासेरी. सीड्यांचं काम आत्यानंच फिलेमोनीला दिलं होतं. का, ते तिनं सांगितलं नव्हतं आणि त्यालाही विचारायची गरज पडली नव्हती.

सॉफ्टवेअर म्हणालं चोवीस एक्स. फिलेमोनी म्हणाला बरं. चार मिनिटांत सीडी बाहेर आली, गरम. त्यानं ती सुरुवातीपासून ऐकली. नऊ गावं आरशासारखी लख्ख. फालेमोआचं गाणं सुरूच झालं नाही. प्लेअर घसा खाकरत बसला.

१६ एक्स

फालेमोआ एक्याऐंशीव्या मिनिटापर्यंत गायलं.

८ एक्स

हादरे बसू नयेत म्हणून घरातला फ्रिज बंद केला. बायकोला जमिनीवरून चालू नको म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मग काय, उडू?" आणि आईकडे निघून गेली.

चौऱ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत सगळं उत्तम. तिथून पुढे आत्याचा आवाज होता. म्हणजे नव्हता.

याच्या खाली मशीन उतरेना. फिलेमोनीनं शिल्लक मोजली. कोऱ्या सीड्या नऊ, गावं दहा. दुसरी बोट रविवारच्या आत काही आणणार नव्हती.

४ एक्स

तो नासेरीकडे गेला. मागितल्यावर नात्यातल्या माणसाला नाही म्हणायची तिथे सोय नाही, त्यामुळे नासेरीनं नाही म्हटलं नाही. फक्त रायटर काढताना म्हणाला, "बावन्न कुठे गेले रे?"

"आहेत घरी."

"बरे आहेत ना?"

"जोडून दे आधी."

एका सीडीला बावीस मिनिटं. बावीस मिनिटं दोन माणसांनी एका लाल दिव्याकडे बघत बसायचं, आणि दोघांनाही एकच गादी हवी. पहिल्या सीडीला ते हवेबद्दल बोलले. दुसरीला बोटीबद्दल. तिसरीपासून आळीपाळीनं जांभया दिल्या. प्रत्येक सीडीचं शेवटचं गाणं ऐकून बघितलं. आत्या नऊच्या नऊ सीड्यांवर शेवटपर्यंत गायली.

मग फिलेमोनीनं पिशवीतून आठ एक्सवाली काढून त्या नऊंच्या शेजारी ठेवली. दिसायला दहाही सारख्या.

"ही मालोताईला दे," नासेरी म्हणाला. "त्यांचा प्लेअर तसाही अडखळतो. खाली मासळीचा डबा लावून चालवतात. सीडी थांबली तर ते प्लेअरला बदडतील, तुला नाही. आणि थांबणार आपलंच गाणं, त्यांचं नव्हे. त्यांचं काय जातंय?"

म्हणणं बिनतोड होतं. फिलेमोनीनं त्यात खोट शोधली, सापडली नाही. चांगली सीडी आत्याच्या हातात पडली असती, मालोताईनं चार वर्षं डबा बदलत काढली असती.

त्यानं आठ एक्सवालीवर जाड पेननं लिहिलं, फालेमोआ.

"वेडा आहेस," नासेरी म्हणाला, आणि चेहऱ्यावरून तरी तो नाराज वाटला नाही.

१ एक्स

ऐकायला मात्र सगळ्यांना एकच वेग. रविवारी चर्चनंतर सगळं कुळ आत्याच्या भिंती नसलेल्या घरात चटयांवर बसलं आणि सीडी लागली. शहाऐंशी मिनिटं चाळीस सेकंद कोणी हललं नाही. म्हणजे बेत तसा होता. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला आत्यानं पंखा हलवायचा थांबवला, कारण आता तिचा आवाज येणार होता. प्लेअर दोनदा खाकरला आणि गप्प झाला.



"सगळ्यांचं झालं, आपलंच राहिलं," कोणीतरी मागून म्हणालं.

फिलेमोनी खाली बघत होता. बाकीच्या नऊ धड आहेत असं स्वतःच सांगणं म्हणजे दिलेल्या वस्तूची टिमकी वाजवणं. ते करून गादी मिळत नाही, असलेली जाते.

आत्यानं नासेरीकडे मान वळवली. "तुझ्या मशीनवर केल्या म्हणे."

"नऊ, आत्या. ही नाही. ही त्याच्या मशीनवरची."

"त्या नऊ कशा आहेत?"

नासेरीनं चटईची एक काडी उपसली. "धड आहेत."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"मालोताईला कुठली गेली?"

हा प्रश्न तिला कसा सुचला, हे नासेरीला शेवटपर्यंत कळलं नाही. "धड," तो म्हणाला.

आत्यानं प्लेअर बंद करायला सांगितला आणि जेवण मागवलं. निर्णयाबद्दल ती काही बोलली नाही. तिच्या घरी ताटं मानाच्या क्रमानं येतात आणि तो क्रम वाढणाऱ्यांना ती आत जाऊन सांगते. ती आत गेली, आली, बसली.

पहिलं ताट पाद्र्यांना. दुसरं तिला. तिसरं, गादीवाल्याचं ताट घेऊन येणारा दोघा भावांच्या मधोमध क्षणभर थांबला, त्यानं मागे वळून पाहिलं, आणि ते फिलेमोनीपुढे ठेवलं.

चौथं नासेरीला मिळालं. त्यानं तारोचा उकडलेला कंद मोडला, नारळाच्या रसात बुडवला, सावकाश चावला.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.