माझ्या अंगावरचे आकडे

मी पांढरा फळा बोलतोय. हळूच बोलतोय, कारण पडवीत माणसं आहेत आणि मला हल्ली माणसांची, त्याहून त्यांच्या हातातल्या फोनची फार भीती वाटते.

मालवणच्या एका स्टेशनरीच्या दुकानात मी शाळेची वाट बघत उभा होतो. नशिबी आलं आचरा गावातल्या माईंचं घर. माईंनी, म्हणजे शेवंतीबाईंनी, घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला काढल्या होत्या. मला पडवीत टांगून वरच्या अंगाला त्या रोजचा मासा लिहायच्या. सुरमई, सरंगा, कधी शिंपल्यातल्या तिसऱ्या. मांजर वासाच्या आशेने माझ्याखाली येऊन बसायचं. सुखाचे दिवस होते ते.

मग त्यांच्या मुलाने, सर्वेशने, खोल्यांसाठी वेबसाइट बनवली. मोठ्या हॉटेलांचं पाहून त्याने तिच्यावर कार्डाचा नंबर मागितला, पाठचे तीन आकडेही मागितले. पाहुणा आयत्या वेळी आला नाही तर निदान एका रात्रीचं भाडं सुटावं, एवढाच हिशेब. भरलेलं सगळं जसंच्या तसं माईंच्या मेलवर येऊन पडे. आणि आचऱ्यात नेट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून माई ते उतरवून माझ्या खालच्या कोपऱ्यात लिहू लागल्या. नाव, तारीख, आकडे.

"ह्यां सगळ्यांका दिसता गो," त्यांचे यजमान, भाई, एकदा म्हणाले.

"दिसांदे. लपवूक आमी काय चोरी केली?"

ज्या घराच्या दाराला दिवसा कडी नसते, तिथे आकड्यांना कोण कडी लावणार? मी मात्र त्या दिवसापासून धास्तावलो.

पुढे जेवायला आलेल्या एका जोडप्याला माशांची यादी आवडली. त्यांनी माझा फोटो काढला आणि हसत हसत इंटरनेटवर टाकलासुद्धा. सरंग्याच्या खाली जानकी नावाच्या पाहुणीचं कार्ड, तिच्याखाली दुसरे पाहुणे दत्तप्रसाद मास्तर यांचं. मला घाम फुटला असता, फळ्याला फुटत नाही एवढंच.

थोड्याच दिवसांत मस्कतहून जानकीचा फोन आला. ती मूळची वेंगुर्ल्याची, सुट्टीला आली की इथे राहायची.

"माई, माझ्या कार्डावर कोणीतरी विमानाची तिकिटां काढली गो. तुमच्यार माझो संशय नाय."

माई तिला धीर देत राहिल्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती आणि जानकीचे आकडे त्यांच्या पदराला घासत होते.

सर्वेशच्या मनात मात्र पाल चुकचुकली. त्याने इंटरनेटवर तो फोटो शोधला आणि पांढराफटक पडला.

"माई, हे आकडे आपल्याक मिळाकच नको होते. चूक माझी."

त्याने वेबसाइट बदलली. आता पैसे भरताना पाहुणा थेट बँकेच्या पानावर जातो, कार्डाचा नंबर या घरात येतच नाही. जुन्या मेलही पुसल्या, तो फोटोही उतरवायला लावला. माईंनी रडत रडत एकेका पाहुण्याला फोन करून खरं सांगितलं, कार्ड बंद करायला लावलं. राहिले फक्त मास्तर. पेन्शनवर जगणारा एकटा माणूस. त्यांचा फोन अजून लागत नाही.

मलाही ओल्या फडक्याने घासलं. समोरून मी कोरा दिसतो. पण शाई महिनोन्‌महिने अंगात मुरली की सहजी जात नाही. उन्हं कलली की मास्तरांचं नाव आणि खालचे सगळे आकडे उमटतात, फिके, पण वाचता येण्याजोगे. हे अजून कोणाच्या ध्यानात आलेलं नाही.

आज जेटीजवळ खाण्याचा गाडा लावणारे गुरुदास मला न्यायला आलेत.

"बोर्ड बरो आसा गो. रस्त्यार टांगतलंय."

"व्हर रे, घेवन जा. माका तो डोळ्यांसमोर नको."

मी थरथरतोय, तर त्यांना वाटतं वारा आहे. माई, तुमचा हात सढळ आहे, पण एवढं दान करू नका. एकदाच मला उन्हात तिरका धरा. मास्तरांचं नाव दिसेल. मग कोयती आणा, माझे तुकडे करा आणि चुलीत घाला.