बसच्या मागून स्कूटर

मास्तरांचं दुखणं असं होतं की बस वेळेवर येत होती.

मास्तर म्हणजे शिलाईवाले. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे शर्ट पैसे घेऊन शिवले आणि पक्षाचे झेंडे फुकट. देशात सरकार त्यांच्या पक्षाचं होतं, राज्यात मात्र पाच वर्षं समोरच्यांचं. निवडणूक तोंडावर आली तशी पक्षाच्या कार्यालयात 'पाच वर्षांचं पाप' नावाची पुस्तिका करायचं ठरलं. पाणी एकाला दिलं, रस्ते दुसऱ्याला, आणि सरकारी दवाखाना व तिथे जाणारी बस मास्तरांना.

"तुम्ही आता मोकळेच की," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. "म्हणजे, वेळ असतो तुमच्याकडे."

बायको जाऊन चार महिने झाले होते. मोकळे होते हे खरंच. कार्यालय सोडलं तर मास्तरांशी दिवसभर बोलायला एक शिलाई मशीन होतं, आणि तेही कुरकुरायचं.

सोमवारपासून मास्तर थांब्यावर बसले, हातात कागद आणि मनगटाला घड्याळ. बस नऊ दहाची. सोमवारी नऊ दहाला आली. मंगळवारी नऊ अकराला. मास्तरांनी हौसेनं 'एक मिनिट उशीर' लिहिलं, मग आपलंच घड्याळ मिनिटभर पुढे आहे हे आठवलं आणि खोडलं. बुधवारी ती नऊ नऊला आली. 'लवकर येऊन जनतेची फसवणूक' हे शब्द त्यांच्या मनात तयारही झाले, पण ती मेली नऊ दहापर्यंत जागची हलली नाही.

गुरुवारी कंडक्टरबाई दारातून वाकल्या. "काका, चार दिवस बघतेय. चढायचंय का?"

"नाही. नजर ठेवतोय."

"कुणावर?"

"तुमच्यावर."

"ठेवा हो, दुसरं कोण ठेवतंय!" बाई हसल्या, मग त्यांनी निरखून पाहिलं. "थांबा. तुम्ही ते स्कूटरवाले ना? मागच्या सीटवरच्या मावशींचे?"

मास्तरांनी कागदात डोकं घातलं.

मावशी, म्हणजे मास्तरांची बायको, आयुष्यभर समोरच्या पक्षाला मत देत आली. मतदानाला दोघं जोडीनं जायची. "आपण दोघं घरी बसलो तरी निकाल तोच," असं ती म्हणायची, पण घरी काही बसायची नाही. शेवटचे सात महिने तिला उपचारासाठी दर सोमवारी आणि गुरुवारी दवाखान्यात जावं लागलं. स्कूटरचे धक्के तिला सोसत नव्हते. बसची पायरी खाली होती, पाय फार उचलावा लागत नव्हता. ती बसनं जायची.

मास्तर मागून स्कूटरनं जायचे. कारण समोरच्यांच्या सरकारनं ही बस सुरू केली त्या दिवशी त्यांनी चहाच्या टपरीवर चार लोकांत जाहीर केलं होतं, "हिच्या पायरीला माझा पाय लागणार नाही." ऐकणाऱ्यांपैकी एकाच्याही ते लक्षात नव्हतं. मास्तर मात्र शब्दाचे पक्के! सात महिने त्यांनी बसचा धूर खाल्ला. सिग्नलला ती मागच्या काचेतून हात हलवायची. मास्तरही हात हलवायचे, तेवढ्यात सिग्नल सुटायचा आणि मागचा हॉर्न मारायचा.

"मावशी म्हणायच्या, 'माझी वरात आहे, नवरा मागून येतोय,'" कंडक्टरबाई म्हणाल्या. "पिशवी ठेवून शेजारची जागा धरायच्या. कुणी विचारलं तर सांगायच्या, 'पेट्रोल संपलं की येतील.'"

घंटी झाली, बस गेली. त्या दिवशी खरोखर मिनिटभर उशीर झाला, पण तो मास्तरांमुळे, त्यामुळे तो लिहिता आला नाही.

पेट्रोल सात महिन्यांत एकदाही संपलं नव्हतं. टाकी भरलेली ठेवण्यात मास्तरांची कुणाला सर नव्हती.

शनिवारी कार्यालयात त्यांनी उभं राहून वाचलं. "बस. मी चार दिवस पाहिली, माझ्या बायकोनं सात महिने. वेळेवर येते. आजारी माणसाला चढता येतं. आपण राज्यात होतो तेव्हा ही बस नव्हती. दवाखान्याची लिफ्ट. अकरा महिने बंद आहे, काल पाहून आलो. दाराला तेव्हा बांधलेली दोरी अजून तशीच आहे. बायकोला तीन मजले चढवत नेलं. मी चार अर्ज केले, एकालाही उत्तर नाही. हे त्यांचं पाप आहे."

"लिफ्टचं झकास!" अध्यक्ष म्हणाले. "बसचं काढून टाकू."

"का?"

"अहो मास्तर, पुस्तिका आपली आहे की त्यांची?"

"मी एका बाहीचा शर्ट शिवत नाही. दोन्ही ठेवा, नाहीतर कागद परत द्या."

मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनी गेल्या आणि मास्तर फिरले."

"उलट आहे," मास्तर म्हणाले. "ती होती तोवर मला एकतर्फी बोलणं परवडत होतं. दुसरी बाजू ती सांभाळायची."

अध्यक्षांनी कागद परत दिला. "मग उद्यापासून त्रास घेऊ नका, मास्तर."

मास्तरांना समजलं. त्यांनी झेंड्यांच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. दारातून वळून म्हणाले, "मत आपल्यालाच देणार आहे हो." ही धमकी की दिलासा, हे अध्यक्षांना कळलं नाही. मास्तरांनाही नीटसं कळलं नव्हतं.

सोमवारी लिफ्टचा पाचवा अर्ज पिशवीत घालून ते थांब्यावर गेले. स्कूटर घरीच ठेवली. बस आली नऊ सोळाला.

"टायर बसला होता," कंडक्टरबाई म्हणाल्या. "आज तरी चढताय का?"

"थांबा." मास्तरांनी कागद काढला, 'सहा मिनिटं उशीर' असं लिहिलं, घडी करून खिशात घातला आणि मग पायरीवर पाय ठेवला. पायरी खरंच खाली होती.

मागच्या सीटवर दोघांची जागा होती. ते खिडकीशी बसले आणि शेजारी पिशवी ठेवली. सिग्नलला बस थांबली तशी त्यांनी वळून मागच्या काचेतून पाहिलं. मागे एक टेम्पो होता. मास्तरांनी हात हलवला. टेम्पोवाल्यानं हॉर्न मारला.