कुंकू कुणाला लावलं नाही

खोटं कशाला बोलू, शोभाताईंना मी पहिल्या भेटीतच ओळखलं होतं. रॉटरडॅमला वकिलीणबाईंच्या ऑफिसात त्या खुर्चीच्या कडेला टेकून बसल्या होत्या. उजव्या हातावर भाजल्याचा मोठा डाग होता. मारिट, म्हणजे त्यांची वकील, मला डचमध्ये म्हणाली, "या मराठीशिवाय काही बोलत नाहीत, म्हणून तुला दुभाषी म्हणून बोलावलं. तू यांना किंवा त्या कुटुंबाला ओळखत नाहीस ना? नियमच आहे, विचारावं लागतं."

"नाही," मी म्हटलं.

कप्पाळ माझं! आइंडहोवनच्या आम्ही झाडून सगळ्या मराठी बायकांनी या बाईच्या हातचे मोदक, चकल्या, पुरणपोळ्या मिटक्या मारत खाल्ल्या होत्या. फक्त त्या भार्गवीच्या म्हणून खाल्ल्या. भार्गवी आमच्या मंडळाची सुगरण. तिचा नवरा पुष्कर माझ्या नवऱ्याचा, आशुतोषचा, मॅनेजर. तिच्या घरी एक अबोल बाई ट्रे घेऊन फिरायची, तिचं नावसुद्धा आम्ही कधी विचारलं नव्हतं. आता ते मारिटच्या फायलीवर वाचलं.

शोभाताई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनीही ओळखलं होतं. पण त्या काही बोलल्या नाहीत.

मग त्या सांगत गेल्या आणि मी डचमध्ये सांगत गेले. गाव कराडजवळ, नवरा अंथरुणाला खिळलेला. पुष्करनं व्हिसाच्या फॉर्मवर 'माझी आत्या, पाहुणी म्हणून येते' असं लिहून त्यांना आणलं. विमानतळावरून घरी पोचेपर्यंत पासपोर्ट भार्गवीच्या पर्समध्ये गेला होता. झोपायला माळ्यावर, वॉशिंग मशीनच्या शेजारी गादी. पहाटे पाचपासून भार्गवीनं घेतलेल्या ऑर्डरींचा स्वयंपाक. दाराबाहेर पाऊल टाकलं तर पोलीस उचलून नेतील, असं रोज ऐकवायचे. कबूल केलेला पगार गावी पोचलाच नाही. दिवाळीत चकल्या तळताना कढई हातावर आली, तेव्हा तीन दिवस हळद लावून ठेवलं. हात सडायला लागला तेव्हा कुठे डॉक्टरकडे नेलं. त्या हाऊसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, भार्गवीला बाहेर बसवलं, फोनवर दुभाषी घेतला, आणि विचारलं, "बाई, तुम्ही घरी जायला मोकळ्या आहात का?" तिथून सगळं सुटलं.

सांगताना माझा आवाज चढत होता. रागानं. दुभाष्यानं असं करायचं नसतं, पण मी काय दगड आहे का?

पोलिसांत तक्रार झाली. माणसांच्या व्यापाराला बळी पडलेल्यांना तपास चालू असेपर्यंत इथे राहायचा परवाना मिळतो, तो त्यांना मिळाला. एका सुरक्षित घरात राहत होत्या, डच शिकत होत्या. सगळं त्या तपासावर टांगलेलं होतं.

आणि एप्रिलमध्ये सरकारी वकिलांचं पत्र आलं. मारिटनं ते वाचलं आणि मी मराठीत सांगितलं. आमच्या मंडळाच्या अकरा जणींनी लिहून दिलं होतं, की शोभा ही पुष्करची सख्खी आत्याच, तिला घरच्यासारखं वागवत, ती हौसेनं स्वयंपाक करी. उलट बाजूनं एकही साक्षीदार नाही. दोन आठवड्यांत नवा पुरावा आला नाही, तर केस बंद करणार.

"बंद म्हणजे?" शोभाताईंनी विचारलं.

"परवाना रद्द होईल. परत जावं लागेल."

"पुष्कररावांचा भाऊ आमच्या गावाशेजारीच राहतोय," त्या म्हणाल्या. "मी तक्रार केल्याचं कळल्यावर तो घरी येऊन माझ्या नवऱ्याला धमकावून गेला. आता मी पण तिथंच जायचं का?" मी ते डचमध्ये सांगितलं. मारिटनं चष्मा काढून डोळे चोळले.

अकरा जणी! त्यातल्या एकूणएक जणीला मी नावानिशी ओळखते. नाकानं कांदे सोलणाऱ्या बायका मेल्या. गणपतीत स्त्रीशक्तीवर भाषणं ठोकतात आणि इथे डोळे मिटून सह्या ठोकल्या.

दोन दिवसांनी भार्गवीचाच फोन. मी या प्रकरणात दुभाषी आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

"संहिता, अगं, तू तेवढी राहिलीस," ती गोड आवाजात म्हणाली. "गेल्या वर्षीचा हळदीकुंकवाचा व्हिडिओ आहे ना ग्रुपवरचा, तो डिलीट कर. सगळ्यांनी केलाय. फोन बदललास तर जुन्यातूनही काढ."

"का गं? काय आहे त्यात?"

"काही नाही. ती बाई दिसते ना मागे. चोराच्या उलट्या बोंबा चालल्यात तिच्या. इतकं केलं तिच्यासाठी, तर आमच्यावरच उलटली."

"कोण बाई? तुमच्या आत्याबाई?" मी मुद्दाम विचारलं.

तिच्या आवाजातला गोडवा गेला. "तुझ्या भल्याचं सांगते, संहिता. त्या व्हिडिओत ताम्हन तुझ्याच हातात आहे. आणि आशुतोषचं प्रमोशन यंदा आहे, नाही का?"

फोन ठेवला आणि व्हिडिओ शोधून लावला. संक्रांतीनंतरचा रविवार, भार्गवीचा दिवाणखाना, काळ्या साड्या, वाण म्हणून काचेचे डबे. भार्गवी दागिने सावरत सोफ्यावर बसलेली, आणि हळदीकुंकवाचं ताम्हन घेऊन मी फिरतेय. एकेकीला हळद, कुंकू, अत्तर, तिळगूळ. तेवढ्यात शोभाताई उपम्याच्या बशा घेऊन येतात. गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर कुंकू, धडधडीत सवाष्ण. त्या माझ्यासमोर थांबतात. मान जराशी पुढे करतात, आपण कुंकू लावून घेताना करतो तशी. आणि मी त्यांना वळसा घालून पुढच्या बाईकडे जाते. हसत हसत.

माझी मलाच शिसारी आली. पुन्हा लावून पाहिलं. मला कुणी 'तिला नको' म्हटलं नव्हतं. भार्गवीनं डोळ्यानंही खुणावलं नव्हतं. पुण्याला माझी आई भांडीवाल्या बाईंना आवर्जून आत बोलावून कुंकू लावायची, वर ओटी भरायची. आणि तिची ही लेक!

आशुतोषला दाखवलं. तो म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची, संहिता. तू सांगितलं नाहीस तर यातलं कुणाला काय कळणार आहे?"

"तेच तर!" मी ओरडले. "कुणाला कळणार नाही म्हणूनच सांगायला हवं ना!" त्या दिवशी आमचं जेवण झालं नाही.

दुसऱ्या सकाळी मी मारिटसमोर उभी राहिले आणि आधी माझं खोटं कबूल केलं. ती इतकी चिडली की तिचं डच मला समजेना. माझी दुभाष्यांच्या यादीवरची नोंद जाईल म्हणाली. जाऊ दे म्हटलं. मग फोन तिच्या हातात दिला.

तिनं व्हिडिओ पाहिला. "मला यात एक पार्टी दिसतेय," ती म्हणाली.

"तुला तेच दिसणार. ही बाई खरंच नवऱ्याची आत्या असती ना, वयानं सगळ्यांत मोठी, नवरा हयात, तर या घरात पहिलं कुंकू तिला लागलं असतं. भार्गवीनं वाकून तिच्या पाया पडायला हवं होतं. भर समारंभात आत्याला वगळून ताम्हन पुढे गेलं, तर त्या घराशी नात्यातली माणसं जन्मभर बोलणार नाहीत. इथे वीस बायका बसल्यात. एकीच्या तरी चेहऱ्यावर काही हललं का बघ. कारण सगळ्यांना ठाऊक होतं ती कोण आहे. सही करणाऱ्या अकराच्या अकरा जणी यात आहेत. मोजून घे."

मारिटनं व्हिडिओ थांबवला, मागे नेला, परत पाहिला. मग पोलिसांना फोन लावला.

जबाब तिच्याच ऑफिसात झाला. पोलीस अधिकारी, मारिट, शोभाताई आणि मी. मी आता साक्षीदार, त्यामुळे शोभाताईंसाठी टेबलावरच्या फोनवर दुसरा दुभाषी होता, कुणी दीनानाथ नावाचे वयस्क गृहस्थ. मी डचमध्ये बोलायचे आणि ते त्यांना मराठीत सांगायचे.

अधिकाऱ्यानं विचारलं, "तुम्ही या बाईंना का वगळलंत?"

तेव्हा कळलं की कारण मी अजून स्वतःलाही नीट सांगितलेलं नव्हतं. डचमध्ये सांगितलं, आणि डचमध्ये ते सोपं गेलं. मग फोनमधून माझं वाक्य संथ, स्वच्छ मराठीत परत आलं:

"त्या घरात राबायला ठेवलेल्या आहेत, हे मला दिसत होतं. त्यांना कुंकू लावलं असतं तर भार्गवीला आवडलं नसतं. मला भार्गवीची मर्जी राखायची होती."

शोभाताई ऐकत होत्या. मी खाली बघत होते. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

जबाबाचे कागद छापून आले. अधिकारी म्हणाला, एवढा पुरावा असताना केस बंद होणार नाही, त्या अकरा जणींना एकेकीला बोलावून व्हिडिओ दाखवतो. म्हणजे निदान तोवर परवाना राहील. मारिटनं शोभाताईंचा खांदा दाबला.

आणि मी काय केलं, तर पर्समधून कुंकवाचा करंडा काढला. हो, सकाळी घरातून निघताना ठेवला होता. वाटलं होतं, आज तरी. "शोभाताई," मी म्हटलं, आणि झाकण उघडलं.

त्यांनी करंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पहिल्या दिवसापासून तोंडात धरून ठेवलेलं आता बाहेर आलं.

"ते आत ठेवा," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी मान पुढं केली होती. आता नाही करायची. कोर्टात भार्गवीताईंच्या तोंडावर हेच बोलाल का, तेवढं सांगा."

"बोलेन."

"मग आधी सही करा."

मी करंडा मिटला आणि सही केली.